काकूंच्या रानातली येळवस

काकू कुणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याचं मनगट धरत. “आधी बसा, मग बोला,” म्हणत आणि खाली बसवूनच सोडत. विजेचं मीटर बघायला येणारा माणूसही त्यातून सुटला नाही. आमच्या गल्लीत बिलं उशिरा येत, त्याचं एक कारण काकूंचा चहा असावा.

मी नांदेडकडची, उमरीची. शाळेत नोकरी लागली म्हणून निलंग्याला आले आणि काकूंच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी बाहेर पडले, तर दुकानं बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काहीतरी वाईट घडलं असावं, असं वाटून मी घाबरले. काकू मात्र टेम्पोत भांडी चढवत होत्या. आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आज आमच्याकडचं माणूस घरी जेवत नाही, रानात जेवतं, असं त्यांनी सांगितलं. मनगट धरून मलाही टेम्पोत बसवलं.

त्यांचं काळं रान उदगीरच्या रस्त्याला होतं. हरभरा घाट्यांनी लगडलेला, तूर वाळत आलेली. भोवतालच्यांनी ज्वारी सोडून सोयाबीन धरलं, तरी काकू दरवर्षी थोडी ज्वारी पेरतच. येळवशीची कोप, म्हणजे पूजेची खोपटी, कडब्याची लागते, आणि कडबा दुसऱ्याकडून मागून आणणं त्यांना पटत नसे. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा होई. मग हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची दाट भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोल उंडे आणि मडक्यातली गार आंबील.

बांधापलीकडं धाकट्या जाऊबाईंचं रान होतं. बांध कुणी कोरला, यावरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. काकू जेवतानाही त्या बाजूला पाठ करून बसत.

दुसऱ्या वर्षी आमची पंगत बसणार, तेवढ्यात रस्त्यावर एका बसचं चाक पंक्चर झालं. पंक्चर काढणाराही कुणाच्या तरी रानात जेवायला गेलेला. प्रवासी उन्हात उभे राहिले. त्यांत देगलूरकडचं एक म्हातारं जोडपं होतं, तेलुगूत एकमेकांशी कुजबुजत. काकू पदर खोचून रस्त्यावर गेल्या आणि कंडक्टरसकट सगळी बस रानात घेऊन आल्या.

पहिली पंगत उठली आणि भज्जीच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला. निम्मी माणसं अजून उभीच होती. काकूंनी एकदा पातेल्यात पाहिलं, एकदा बांधाकडं. पलीकडं जाऊबाई वाढायचा डाव हातात घेऊन इकडंच बघत उभ्या होत्या. काकू उठल्या, बांधापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“भज्जी हाय का गं?” त्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी आधी डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाल्या, “हाय की आक्का. मीठ जरा जास्त पडलंय.”

“पडू दे. वर प्यायला आंबील हाय.”

जाऊबाईंनी पातेलं उचललं. एका बाजूनं काकूंनी धरलं, आणि दोघी बांध ओलांडून आल्या. भज्जी खरंच खारट होती. त्या दिवशी आंबील जेवढी संपली, तेवढी नंतर कधी संपली नाही. पंक्चरवाला येऊन चाक बसवून झाल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर कुणी उठेना. शेवटी तोही खाली उतरून परत ताटावर बसला. निघताना देगलूरच्या म्हातारीनं काकूंच्या गालांवरून हात फिरवला. काय बोलली ते कळलं नाही, काकू मात्र “हाव, हाव” म्हणत मान हलवत राहिल्या.

पुढच्या वर्षापासून दोन घरांची मिळून एकच कोप झाली. कुणाच्या रानात घालायची, यावर दोघींनी पुन्हा दिवसभर वाद घातला आणि शेवटी ती बरोबर बांधावर घातली.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. यंदा येळवशीला जावं की न जावं, असं मला झालं होतं. जाऊबाईंनी सकाळीच टेम्पो दारात पाठवला. रानात त्यांनी मला पोटभर वाढलं, मग उंड्यांची टोपली घेऊन पुन्हा ताटाजवळ आल्या.

“आक्का असत्या तर अजून एक उंडा वाढला असता,” त्या म्हणाल्या, आणि तो वाढला.