आबांचं नाव तळाला

पोह्यांची फोडणी तडतडत होती, ह्यांची कामावर निघायची घाई चालली होती, आणि दारावर थाप पडली. पटका बांधलेले एक आबा उभे.

"ती कांप्युटरवाली पोरगी हितंच ऱ्हाती का?"

शिरूरच्या आमच्या घराची पुढची खोली तेव्हा सुमैयाकडे भाड्याने होती. गणितातली पदवीधर, छापखान्यासाठी लग्नपत्रिका जुळवायची. मामेभावाने दिलेल्या सीडीवरून ती 'जे' नावाची संगणकाची भाषा शिकली होती. इतरांना पानभर लिहावं लागे, ते ती एका ओळीत बसवायची. तिची ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कीबोर्डवरून मांजर चालून गेलंय.

हे हरिबाआबा वडगाव रासाईचे. नातवाचं लग्न होतं. निमंत्रकांची नावं त्यांनी फोनवर मानाप्रमाणे सांगितली होती. मध्येच विसरून काही पुन्हाही सांगितली होती. आता पत्रिकेचा नमुना सुमैयापुढे धरून म्हणाले, "पाळण्यातला अजिंक्य समद्यांच्या वर, आन् म्या पार तळाला. उद्या पयली पत्रिका बिरोबापुढं ठिवायची हाय. ही न्हाई ठिवायचा म्या."

सुमैयाने कपाळावर हात मारला. "चुकलं माझं, आबा. शाळेच्या याद्या करून करून हात तसाच वळला. नावं अक्षरांच्या क्रमाने लागली. तुमचा 'ह' शेवटी."

"मंग आता म्या नाव बदलू व्हय?"

हसू दाबत मी त्यांच्यापुढे पोहे ठेवले. तिने ती ओळ पडद्यावर आणली. सुरुवातीला तिरकी रेघ, दोन टिंबांचा विसर्ग आणि एक लाट. नावं क्रमाने लावायचं काम या तिघांचं. त्यांच्यामागे आणखी एक लाट आणि टिंब. ही जोडी दुबार नावं गाळते, पण प्रत्येकाची पहिली सांगितलेली जागा हलवत नाही. सुमैयाने सुरुवातीची ती तीन चिन्हं खोडली. सगळी मंडळी आपापल्या मानाच्या जागी जाऊन बसली. हरिबाआबा सर्वांत वर.

आबांनी दोनदा वाचून घेतलं.

"एवढंच? म्या यस्टीत लई भांडान ठरवून आल्तो."

"भांडा की, पोहे खाऊन घ्या आधी," मी म्हटलं.

आबा पोटभर हसले. जाताना सुमैयाला म्हणाले, "लग्नाला यायचं, पोरी. आन् तुला काय पायजे त्ये सांग."

ती म्हणाली, "पत्रिकेच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'अक्षरजुळणी : सुमैया' एवढं घालू द्या."