डेंजरमावशीचा जावईशोध

लाँड्रीतल्या पोरी तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठ वळली की डेंजरमावशी. वाफेच्या इस्त्रीयंत्रावर लाल रंगात जो शब्द रंगवला होता, तोच आपल्याला चिकटवलाय हे तिला ठाऊक होतं. हे बारसं कुणी केलं याचा छडा मात्र लागत नव्हता, म्हणून ती सगळ्यांवरच डूख धरून होती.

बाईचं कामच संशयाचं. आलेला प्रत्येक कपडा मशीनमध्ये जायच्या आधी तिच्या हाताखालून जायचा. खिसे उलटे, कॉलर नाकाशी, बाह्या उजेडात. "माणूस थापा मारतो, कॉलर मारत नाही," असं ती म्हणायची. घरीही तीच तऱ्हा. दूधवाला उगाच हसला, तर दुसऱ्या दिवशी ती दाराला साखळी लावूनच पातेलं पुढे करायची.

"आई, देव भेटला तरी तू त्याचे खिसे तपासशील," लेक म्हणायची.

"तपासेनच! रिकाम्या खिशानं आला असेल तर काय उपयोग त्याचा?"

हा स्वभाव काही ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. नवरा होता तेव्हा कामावर जाताना या दोघींना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. "तुझ्या भल्यासाठीच," म्हणायचा. आवाज काय गोड मेल्याचा! तो गेला आणि तिने कुलूप भंगारात दिलं, पण गोड आवाजाची धास्ती काही जाईना.

आणि लेकीने पसंत करावा कोण, तर शाळेतला इंग्रजीचा मास्तर. आवाज त्याचाही गोड. त्याचे शर्ट मावशीच्याच लाँड्रीत यायचे. डाग नाही, वास नाही, खिशात कधी चिटोरं नाही. इतका स्वच्छ माणूस? पाणी मुरतंय कुठेतरी! एवढंच तिने हेरलं होतं, की बाहीची घडी जरा चुकली की हा शर्ट परत आणायचा आणि अगदी हळू आवाजात बोलून इस्त्रीवाल्या पोरीला रडवून जायचा.

लेकीला हे सांगितलं तर ती भडकलीच. "तुझ्या संशयापायी मी जन्मभर इथेच बसू का?"

ते मावशीच्या वर्मी लागलं. रविवारी मास्तर चहाला येणार होता. तिने ठरवलं, आपण तोंडाला कुलूप घालायचं.

मास्तर आला, बसला, चहा झकास आहे म्हणाला. लेक हसून म्हणाली, "अरे, आईला लाँड्रीत डेंजरमावशी म्हणतात, माहितीये?"

म्हणजे हिलाही ठाऊक! घरचीच भेदी! मावशीने डोळे वटारले.

"रागावू नका काकू," मास्तर सरसावून बसला. "मुळात त्याचा अर्थ धोका नव्हताच. लॅटिनमध्ये घराच्या मालकाला जो शब्द आहे, त्यातून तो निघाला. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा डेंजर म्हणजे मालकाची सत्ता. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या मुठीत असणं. त्याने मनात आणलं तर तो तुमचं वाटोळं करू शकतो. म्हणून पुढे अर्थ झाला धोका."

"घराचा मालक," मावशी पुटपुटली. "म्हणजे धनी."

"अगदी बरोबर! धनी."

मावशीने हातातली बशी खाली ठेवली. हा अर्थ तिला कुणी शिकवायला नको होता. बंद दाराच्या आत बसून तिने तो कधीच पाठ केला होता.

लेक अजून थट्टेतच होती. तिने मास्तरला कोपरखळी मारली. "मग काय रे, लग्नानंतर आपल्या घरात मी कुणाच्या डेंजरमध्ये?"

कुणाच्याच नाही म्हण, मावशी मनातल्या मनात त्याला विनवत होती. म्हण की रे बाबा, थट्टेत का होईना!

"माझ्याच, आणखी कुणाच्या?" मास्तर हसला. "म्हणून तर म्हणतो, ती नोकरी सोड. रोज अंधार पडल्यावर घरी येतेस, बरं दिसतं का? तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

लेकीचं हसू जागच्या जागी विझलं. ते कुलूप लागायचं तेव्हा तीही आतच असायची. तिने त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि म्हणाली, "तू नीघ." तो "अगं, गंमत केली" वगैरे म्हणत राहिला, पण ऐकतंय कोण!

तो गेल्यावर लेक आईवरच उसळली. "एरवी दूधवाल्यालाही सोडत नाहीस. आज का गप्प बसलीस?"

मावशीला रडू फुटलं. "म्हटलं, एकदा तरी माझा संशय खोटा निघू दे गं."