लाइट माझ्याही घरची गेली

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे, म्हणून लिहितोय.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग या पद्धतीनं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी मी एक फुकट लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, सांभाळतो. फाइल डिस्कवर लिहायची आणि वाचायची, एवढंच तिचं काम. सकाळी अकोल्याच्या एका अनोळखी प्रोग्रॅमरची तक्रार आली: "सर, सेव्ह झालं असं दिसतं, पण लगेच लाइट गेली तर फाइल रिकामी सापडते."

मी उडवून लावलं. "दोष लायब्ररीचा नाही. यूपीएस घ्या." तक्रार बंद.

दुपारी इथं अमरावतीत बायको डेस्कटॉपवर शाळेचा पेपर टाइप करत होती, मीच बनवून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये. त्यात लायब्ररी अर्थात माझीच. तिनं सेव्ह केलं, "झालं" असं आलं, अन् लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल कोरी!

"सेव्ह झालं म्हणे ना हे?"

"अवं, लाइट गेली त मी काय करू?"

"लाइट त आपल्या इकडं रोजच जाते. तुमाले माईत नव्हतं काय?"

मी कोड उघडून पाहिला. मजकूर डिस्कवर पोचायच्या आधीच माझी लायब्ररी "झालं" सांगून मोकळी होत होती.

दुरुस्ती केली, तक्रार पुन्हा उघडली आणि माफी लिहायला बसलो. तेव्हा दिसलं, माझ्या उत्तराखाली त्यानं सकाळीच लिहून ठेवलं होतं: "थँक यू सर. या महिन्यात जमलं तर यूपीएस घेतो."

माफीचं पहिलं वाक्यच सुचून नाही राहिलं. तुम्ही काय लिहिलं असतं?