टोपीखालचा दाणा

दामल्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या माझ्या दुकानात त्यानेच आणलेला ट्रान्झिस्टर करवतीने कापत होतो. त्याची सून रडत होती. ‘येतो’ म्हणालो, आणि आधी काप पुरा केला... लोकांना हे आवडणार नाही. न आवडो.

आम्ही दोघे फरीदाबादला एकाच रेडिओच्या कारखान्यात लागलो. मी चौथी, तो मॅट्रिक. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ नव्हे, त्याच्या आतला आवाज वाढवणारा बोटाच्या पेराएवढा भाग; तेव्हा तो काचेच्या इवल्याशा नळीत असायचा. खरं काम आतला दाणा करतो. त्याला उजेड लागला की तो भलतंच वागायचा, म्हणून नळीला काळा रंग. मग पत्र्याची टोपी आली. उजेड बंद, ओल बंद. दामल्या खूश. मी म्हणालो, “रंग खरवडून आत बघता तरी यायचं. टोपीखाली काय आहे, कोण सांगणार?”

“तू बायकोने केलेला चहासुद्धा पुन्हा गाळून पिशील!”

पुढे बाजार खुला झाला, बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखाना बंद पडला. मी नव्या सेक्टरात ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दामल्या दिल्लीच्या बाजारातून ट्रान्झिस्टर आणून द्यायचा. त्यात खोटे फार. जाडजूड टोपी, वर मोठ्या कंपनीचा छाप, आत तिळाएवढा दाणा. आवाज चढवला की खाक. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा ॲम्प्लिफायर ऐन आरतीत जळाला, आणि सेक्टरभर माझ्या दुकानाचं नाव गेलं. माल दामल्याचा. त्याला ठाऊक होतं का...? मी विचारलं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक पाकिटातला एक त्याच्यासमोर कापून बघायला लागलो. कापलेला वाया जायचा; जावो.

“माझ्यावर करवत चालवतोस, यार?”

“मालावर.”

“इतक्या वर्षांची ओळख आपली...”

“ती तुझी. टोपीची नाही.”

चहा तसाच ठेवून उठायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

तेरावा झाल्यावर सुनेने त्याच्या कपाटातलं एक पाकीट आणून दिलं, वर माझं नाव. उघडलं तर सगळ्यांत वर एक आधीच कापलेला. दाणा चांगला टपोरा. काप मात्र वाकडातिकडा; दामल्याला करवत कधी धरता आली नाही.

वर एक चांगला ठेवणं कुणालाही जमतं. मी तळातला काढून कापला. खरा. मधला कापला. तोही खरा. मग एकेक करत गेलो...

आता एकच उरलाय. विश्वास बसला असं कुणी समजू नये. रोज दुकान उघडलं की तो पकडीत धरतो, करवत टेकवतो, आणि परत पाकिटात ठेवतो.