पावण्यांचा हात सुटेना

माझ्या यंत्राने आयुष्यात एकाच माणसाचा हात धरला, आणि तो नेमका ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माणसाच्या हातात अलगद वस्तू देणारा यांत्रिक हात बनवत होतो. कसबा बावड्यातल्या आमच्या घरातलं एकुलतं एक टेबल त्याने अडवलं होतं. (घरचे खाली बसून जेवत. संशोधनासाठी एवढा त्याग करायलाच हवा!)

मुरगूडचे पावणे ताईला बघायला येणार होते. फोटो बघूनच मुलगा तिला मनापासून आवडला होता. सकाळीच तिने मला दम भरला, "तुझं ते धूड झाकून ठेव. हे स्थळ मोडलं तर बघ!"

मी झाकलंही. पण चहा-पोहे झाले, बोलणी रंगली, मुलाच्या वडिलांना नारळ द्यायची वेळ आली आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चादर ओढली. "नारळ आमच्या पोराचं यंत्र देणार! बघा की पावणं!"

मी बटण दाबलं. हाताने नारळ उचलून पुढे केला. आता पावण्यांनी तो अलगद उचलून घ्यायचा की बोटं सुटणार. पण पावणे रीतीभातीचे, पहिल्या झटक्यात घेतील कसे?

"न्हाय न्हाय, कशाला हे!" त्यांनी नारळ मागे सारला.

"घ्या की!" आबा.

"नगं नगं!" पुन्हा सारला.

हे 'नगं नगं' मी यंत्राला शिकवलंच नव्हतं! नारळ हलला म्हणजे निसटतोय, तेव्हा नव्याने घट्ट धरायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने बोटं उघडली आणि मिटताना पावण्यांचा पंजाही आत घेतला.

"आरं, सोडायला सांग की ह्याला!"

"ओढू नका, काका!" मी ओरडलो. त्यांनी ओढलं. पकड आणखी घट्ट! मी बटणाकडे झेपावलो आणि लाईट गेली.

"आता सुटंल न्हवं?" आबांनी विचारलं.

"न्हाय आबा. लाईट गेली तरी वस्तू पडू ने, म्हणून पकड तशीच ऱ्हाती." (या सोयीबद्दल कॉलेजात माझी पाठ थोपटली होती!)

ताई दारात उभी होती, पांढरीफटक. मला तर रडूच येत होतं. जेवणवेळ झाली, तरी लाईटचा पत्ता नाही. पावण्यांना डाव्या हाताने जेवा म्हणायचं तरी कसं? शेवटी ताईच ताट घेऊन आली आणि तिने भाकरी मोडली.

"मामा, आ करा," ती होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली.

पावण्यांनी आ केला. दुसरी भाकरी संपताना ते भरल्या तोंडाने म्हणाले, "आबासाहेब, पोरगी पसंत हाय. खरं त्यो हात हितंच ठेवा!"

लाईट आली, हात सुटला, लग्न झालं. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मी ऐटीत पुढे झालो, तर नवरदेवाने दोन्ही कान गच्च झाकून घेतले.

"पावणं, हात सोताचाच हाय न्हवं?"

स्वतःचाच होता. त्याने कान पिळला आणि लगेच सोडलाही. माझ्या हातांपैकी वेळेवर सुटलेला तेवढाच!