चार सिमकार्डं आणि एक वाघ

आमच्या घरी एका माणसाने फोन बदलला की चार माणसांचे फोन बदलतात.

मी नवा घेतला की माझा जुना सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला जातो. सुषमाचा जुना बाबांना. बाबांचा बटणाचा मायला. (मायच्या खाली कोणी नाही, म्हणून साखळी तिथे संपते. अंगणात एक कोंबडा आहे, पण त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.) त्यामुळे माझा फोन जुना झाला की नाही, हा प्रश्न माझा एकट्याचा कधीच नव्हता. घरातली तीन माणसं माझ्या फोनकडे, पिकल्या आंब्याकडे बघावं तशी, पडतो कधी म्हणून बघत असायची.

आणि फोन पिकला होताच. बॅटरीचं पोट फुगून मागचं झाकण वर आलं होतं, ते मी रबर लावून बांधलं होतं. टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा गरगर फिरायचा. बोलताना इतका तापायचा की मी कान बदलत बदलत बोलायचो. तरी मला तो बदलायचा नव्हता, कारण मी भितो. मी मूल या तालुक्याच्या गावी एका कॉलेजात कारकून आहे. एखादी गोष्ट नीट चालू असेल तर तिला हात लावायचा नाही आणि बिघडली असेल तर अजिबातच लावायचा नाही, हे मी नोकरीत शिकलो. नव्या फोनमध्ये नंबर आले नाहीत तर? फोटो उडाले तर? कॉलेजच्या ग्रुपवरून मी आपोआप बाहेर फेकला गेलो आणि प्राचार्यांना वाटलं की मी रागाने गेलो, तर? या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

"अजी, त्या फोनचा उशाशी स्फोट होईल तवा घ्याल का नवा?" सुषमा म्हणाली.

"मले घाई नाई," बाबा म्हणाले. "फक्त मोठ्या फोनवर नाटक दिसते म्हनतात. मंडईच्या जत्रेतलं अख्खं नाटक, तीन अंकी. पन मले घाई नाई."

माय बाबांचा बटणाचा फोन उचलून पदराने पुसायची आणि परत ठेवायची. हे ती दिवसातून अनेकदा करू लागली.

शेवटी दिवाळी झाल्यावर मी मूलला जाऊन नवा फोन घेतला. दुकानदाराने जुन्यातले सगळे नंबर नव्यात उतरवून दिले आणि म्हणाला, "सर, चारही फोन इथं आणा, सिम मी बसवून देतो." मी म्हटलं, राहू द्या, तेवढं मला येतं. (मला येत नव्हतं. पण दुकानात दोन माजी विद्यार्थी उभे होते.)

रविवारी दुपारी ओसरीवर चटई टाकून बसलो. सुषमाच्या कानातल्या डुलाच्या तारेने एकेक खण उघडला आणि सिम काढून स्टीलच्या ताटलीत ठेवली. माझं, सुषमाचं, बाबांचं आणि मायसाठी आणलेलं कोरं. चारही एकाच कंपनीची, एकाच रंगाची, पण ताटलीत कोणतं कोणत्या कोपऱ्यात आहे हे मी पक्कं लक्षात ठेवलं होतं. मग मी पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर चारही सिम चटईवर आणि ताटली गायब.

"माय, ताटली कुठी हाय?"

"तांदूळ निवडाले घेतली," माय आतून म्हणाली. "त्यातली तुही टिकल्यावानी कायतरी होती, ते ठेवली ना तिथी. एकबी सांडू नाई देली."

आता खरं तर मी थांबायला हवं होतं. पण तिघंही समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती, आणि ज्याला सगळे समजदार समजतात असा मी आयुष्यात प्रथमच होतो. मी एकेक सिम उजेडात धरून बघितलं, मान डोलावली आणि बसवून टाकलं. तपासून बघायची सोयही नव्हती, कारण गावातली लाईन सकाळपासून गेली होती आणि टॉवर बंद पडला होता.

"येईल नेटवर्क आपोआप," मी म्हणालो.

बाबा सुषमाचा मोठा फोन बंडीच्या खिशात घालून, काठी घेऊन शेतावर निघून गेले. धान भरलं होतं आणि डुकरं रोज भाताची एक बांधी तुडवून जात होती. आमचं शेत गावाबाहेरच्या बोडीला लागून. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं, आणि तिच्या पलीकडच्या काठच्या मातीच्या पाळीपासून जंगल. बाबा मचाणावर बसायचे आणि ऊन कलायच्या आत घरी यायचे. हा त्यांचा नियम होता आणि तो कोणी मोडायचा नाही, कारण आमच्या भागात वाघ ही गंमत नाही.

चहाच्या वेळेला लाईन आली. थोड्या वेळाने नव्या फोनवर नेटवर्कच्या काड्या उभ्या राहिल्या. मी खूश होऊन सुषमाला दाखवायला जातो, तर आमचे शेजारी गजूभाऊ धापा टाकत अंगणात. ते वनखात्याला मदत करणाऱ्या गावच्या पथकात आहेत.

"देवाभाऊ, काका कुठी हायेत?"

"शेतात. काऊन?"

"बोडीच्या पाळीवर वाघ दिसला. गार्ड मॅडम गाडी घेऊन येऊन राह्यल्या. तू काकाले फोन लाव आन सांग, मचाणावरून उतरू नका म्हना."

मी बाबांचा नंबर लावला.

घंटी स्वयंपाकघरात वाजली.

"हालो," आतून आवाज आला आणि तोच आवाज माझ्या कानातही आला. "सुषमा होय का? काऊन वो, ओसरीतून फोन करते?"

"माय, मी हाय. देवा."

"तुह्यं नाव नाई येत इथी, सुषमा लिहून येते." मग काळजीने, "सुषमा, तुह्या आवाजाले का झालं?"

मी स्वयंपाकघरात गेलो. माय चुलीसमोर बटणाचा फोन कानाला लावून बसली होती. तिच्या आयुष्यातला तो स्वतःच्या फोनवरचा पहिला फोन होता, आणि मी समोर उभा राहिलो तरी ती ठेवायला तयार नव्हती.

म्हणजे बाबांचं सिम मायकडे. मग बाबांकडे काय?

"माझा नंबर लावून बघते," सुषमा म्हणाली आणि आपल्या हातातल्या, म्हणजे माझ्या जुन्या, रबर लावलेल्या फोनवरून तिने तिचाच नंबर लावला. माझा नवा फोन वाजला. मी झडप घालून उचलला.

"बाबा? बाबा, खाली उतरू नका."

"मी बोलून राह्यली," माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी असलेली सुषमा म्हणाली.

गजूभाऊंनी आमच्या तिघांकडे एकदा बघितलं आणि दारात जाऊन उभे राहिले.

आता उरला माझा नंबर आणि मायचा कोरा. मी माझा स्वतःचा नंबर लावला. घंटी गेली. मी घरभर कान लावला. कुठेच वाजत नव्हतं. म्हणजे बाबांकडे माझा नंबर गेला होता. देव पावला असं मनात येतं न येतं तोच घंटी वाजून वाजून बंद पडली.

परत लावला. वाजला. बंद.

"त्यांले उचलता येत नाई ना," सुषमा म्हणाली. "बटन दाबत असतील. त्याच्यात बोट ओढा लागते. तुम्ही शिकवलं होतं का?"

मी शिकवलं नव्हतं. मी परत लावला, परत परत लावला. माझ्या डोळ्यांसमोर चित्रं येत होती. फोन गवतात पडला आहे, वाजतो आहे, आणि शेजारी बाबांची काठी. मी ते चित्र पुसायचो आणि पुन्हा नंबर लावायचो. माय दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात तो बटणाचा फोन होता आणि तिने तो पुसणं बंद केलं होतं.

मग अचानक फोन व्यस्त लागला.

"बोलून राह्यले," मी म्हणालो. "कोणाशी तरी बोलून राह्यले बाबा."

"कोणाशी बोलतील? त्यांच्याजवळ तुमचा नंबर हाय. तुमच्याशीच कोणीतरी बोलून राह्यलं असंल."

तेवढ्यात माझ्या हातातला, म्हणजे सुषमाच्या नंबरचा, फोन वाजला. आमचे प्राचार्य. ते साताऱ्याकडचे, नेहमी मोजकं बोलणारे. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता.

"वहिनी, देवानंद कुठे आहेत?"

"सर, मी देवानंदच बोलतोय."

"तुम्ही जिवंत आहात?"

"हो, सर."

"अहो, मी कपाटाची किल्ली विचारायला तुमच्या नंबरवर फोन केला. कोणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं, 'देवानंद इथी नाई. इथी वाघ हाय.' मी म्हटलं, कोण बोलतंय? तर म्हणाले, 'तुम्हीबी हळू बोला,' आणि फोन बंद."

मी खाली बसलो. बाबा जिवंत होते. वाघही तिथेच होता. त्या क्षणी दोन्ही बातम्या एकाच वाक्यात आल्याने नेमकं काय वाटून घ्यावं हे मला कळेना. प्राचार्य विचारत राहिले, "आणि किल्ली?" मी किल्लीची जागा सांगितली. का सांगितली मला माहीत नाही. सवय.

तोवर गार्ड मॅडमची गाडी आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "आता त्या नंबरवर कोणी फोन लावायचा नाही. माणूस शांत बसलाय ना? बसू द्या."

मी फोन मागे लपवला.

गावातली वीसेक माणसं काठ्या, डबे घेऊन गाडीमागे निघाली. मीही निघालो. बांधावर पोचल्यावर मॅडमनी सगळ्यांना थांबवलं आणि मोठमोठ्याने बोलायला, डबे वाजवायला सांगितलं. मला ओरडता येईना. मी कोणाचा तरी डबा घेऊन बडवत राहिलो. काही वेळाने पाळीवरचं गवत हललं, पिवळं काहीतरी संथपणे जंगलाकडे गेलं आणि झाडांत मिसळलं. मॅडम बराच वेळ तिकडे दुर्बीण लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा आता."

बाबा मचाणावर मांडी घालून बसले होते. मी खालून हाक मारली तर त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग सावकाश खाली उतरले. मी त्यांना धरलं आणि मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "होते बापा, होते," म्हणाले. मग बंडीच्या खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हे सांग," ते म्हणाले, "कोन घडीघडी फोन करून राह्यला होता?"

मी माझा फोन खिशात आणखी खाली ढकलला.

"वाघ आला, पानी पेला आन पाळीवर निजला. माह्याकडं पाहेबी नाई. म्या म्हटलं निजू दे, उठला की जाईल. तर ह्याले वाजाची हुक्की आली. वाघ उठून बसला ना. वर पाहे. म्या फोन घोंगडीत गुंडाळला, त्याच्यावर बसलो. वाघ परत निजला. परत वाजला. वाघ परत उठला. असं त्यानं चार-पाच डाव केलं. मले वाघाचीच दया आली."

"मग बंद नाई केला?"

"कसा करू? बटनच नाई त्याले. म्या हातानं चोळला, का गप बस म्हनून, तर आतून तुहा साहेब बोलाले लागला."

गजूभाऊ तोंडाला दुपट्टा लावून शेतात दूर निघून गेले.

घरी आल्यावर मायने बाबांना पाटावर बसवलं, पाय शेकले, चहा दिला आणि पूर्ण वेळ त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, इतकी ती घाबरली होती. बाबांनी मोठा फोन माझ्या मांडीवर ठेवला. "मले माहा बटनाचा दे," म्हणाले. यावर मात्र माय बोलली. "तो माहा हाय," ती म्हणाली. "देनार नाई. तुमी फोनशिवाय वाघासंग चांगले राहता."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला थोडा उशिरा पोचलो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण प्राचार्यांनी बाबांशी बोलून झाल्याबरोबर घाबरून कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं होतं की देवानंद यांच्याबाबत वाईट बातमी असण्याची शक्यता आहे. माझ्याशी बोलल्यावर त्यांना इतका आनंद झाला की खुलासा टाकायचं राहूनच गेलं. माझ्या नव्या फोनमध्ये ग्रुप अजून सुरू व्हायचा होता. हात जोडलेली चित्रं, मी किती मनमिळाऊ होतो, माझ्याशिवाय कार्यालय कसं सुनं होईल, यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं.

मी कार्यालयात शिरलो तर पंख्याखालच्या माझ्या खुर्चीवर माझे सहकारी रामटेके बसलेले. टेबलाचे खण पुसून झाले होते. त्यांनी त्यांची पाण्याची बाटली, चष्म्याची डबी आणि मुलीचा फोटोही मांडला होता. मला बघून ते हळूहळू उभे राहिले, आणि मनापासूनच्या दुःखाने म्हणाले,

"म्हणजे तुम्ही येणार आहात का आता रोज?"