लाकडांच्या थप्पीमागे

शेठने फुटकं कौल पायाने माझ्याकडे ढकललं आणि सगळ्या गड्यांच्या देखत विचारलं, "आधी तू सांग. तुला कावळा शिवलाय का?"

मी मुकादमीण होते. सतरा बायका माझ्या हाताखाली. मान खाली घालून मी म्हणाले, "नाय, शेठ."

एक गडी हसला. कोण ते मी पाहिलं नाही.

"मग बाकीच्यांना बघ. एकेकीला लाकडांच्या थप्पीमागे ने, लुगडं सोडून बघ. जिचा विटाळ भट्टीला लागला, तिला माझ्यापुढे उभी कर."

कौलांचा हा कारखाना पालघरहून मासवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. साठ सालानंतरची ती वर्षं. तारापूरला मोठं बांधकाम निघालेलं, बोईसर-सालवडला चाळी उठत होत्या, कौलं पुरत नव्हती. चिखल तुडवणं, कच्ची कौलं उचलणं, मांडवात वाळत लावणं, हे सगळं बायका करत. मुकादम मात्र पुरुष. तो बांधकामावर निघून गेला, दुसरा मिळेना, तेव्हा शेठने मला नेमलं. पगार त्याच्यापेक्षा कमी. तरी मी हो म्हणाले. नवऱ्याचा पाय खाणीत दगडाखाली गेलेला. घरात खाणारी पाच तोंडं आणि मिळवणारी मी एकटी.

त्या खेपेला निम्म्या भट्टीची कौलं फुटून निघाली. का फुटली ते मला माहीत होतं. आभाळ धरलेलं, कौलं आतून ओली. भट्टी भरताना मी शेठला म्हणाले होते, "आजून वाळू द्या, शेठ." तो म्हणाला होता, "गाड्या थांबणार नाहीत." माझं बोलणं तो विसरला नव्हता. म्हणूनच त्याला आता दोषी बाई हवी होती.

आम्ही थप्पीमागे गेलो. कुणी आरडाओरड केली नाही. मी काही सांगायच्या आधीच काहीजणींनी गाठी सैल करायला घेतल्या. 

आवडीमावशी सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली, "उरक गो बाय. माजं तर कवाच सरलंय, पन शेठला हौस आसंल तर बघ."

दोघी-तिघी हसल्या. जानी हसली नाही. नवीन लग्न झालेली पोर. दोन्ही मुठींत गाठ घट्ट धरून उभी होती.

"ताई, माजी हाय अडचन. पन मी भट्टीकडं गेलेच नाय. मांडवातच व्हते. सांगू नको ना."

 शेठला एक नाव पुरणार होतं. जानीचं नाव दिलं की माझी मुकादमी राहणार होती. एका बाजूला एक पोर, दुसऱ्या बाजूला पाच तोंडं. हिशेब सोपा होता. माझा हात तिच्या गाठीकडे गेलासुद्धा.

आणि तिथेच मला कळलं. जुन्या मुकादमाला हे काम सांगता आलं नसतं. बायकांचं लुगडं सोडायला बाईचाच हात लागतो. शेठने माझी मुकादमी त्या हातावर आणून ठेवली होती.

मी हात मागे घेतला. "गाठी बांधा," म्हणाले, आणि बाहेर आले.

"बघितलंस?"

"नाय. बघनार पन नाय. कौलं वली भरली म्हनून फुटली. मी तुमाला बोलले व्हते."

शेठ ओरडला नाही. जाळ घालणाऱ्या गड्याला त्याने हाक मारली. "आजपासून मुकादम तू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू चिखलात. परवडत असेल तर ये."

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने पोरांच्या ताटांकडे बघितलं. मग म्हणाला, "बायकाच त्या. बगितलं असतंस तर काय झिजलं असतं तुजं?"

तो वाईट माणूस नव्हता. भुकेला होता.  त्या रात्री मी जेवले नाही, तेवढंच पोरांना.

सकाळी परत गेले. न जाऊन सांगते कुणाला? चिखलाच्या खड्ड्याशी नवा मुकादम उभा होता. शेठने त्याला रोज विचारायला लावलं होतं. "कोनाला अडचन?" तो दात काढत विचारत होता. बायका एकेक करून "नाय" म्हणत खड्ड्यात उतरल्या. जानीही म्हणाली, खोटं, खालच्या आवाजात.

माझी पाळी आली.

"हे तू मला इचारायचं नाय."

"मग अर्धा रोज कापीन."

"काप."

त्याने कापला. दुसऱ्या दिवशीही कापला. एकही बाई माझ्या बाजूने बोलली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही घरी तोंडं होती.

मुकादमी मला हवी होती. अजून हवी आहे. पुन्हा मिळाली तर घेईन, आणि जुन्या मुकादमाइतक्याच पगारावर घेईन. बायकांना चिखलाचं विचारीन, कौलांचं विचारीन. पण माझ्या लुगड्याखालचा जबाब मी कुणाला देणार नाही आणि कुणा बाईकडून घेणार नाही. चूल थंड राहिली तरी.